ऑफिस जवळ आलं, घर लांब गेलं

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इकडे राहणाऱ्या माणसांशी शहराच्या आखणीबद्दल बोलू लागलं की एक प्रश्न हमखास येतो. सगळी ऑफिसं फोर्टात आणि नरिमन पॉइंटला होती, तेव्हा लोकलला गर्दी असायची हे समजतं. पण पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, अंधेरीत सीप्झ आणि एमआयडीसी भरून गेली, पवई, मालाड, गोरेगावला काचेच्या इमारती आल्या. काम उपनगरात आलं, तरी रोजचा प्रवास का कमी झाला नाही?

या प्रश्नाचं उत्तर लोकलच्या वेळापत्रकात सापडत नाही. ते जमिनीच्या कागदांत आहे. कोणत्या जमिनीवर काय बांधायचं, किती बांधायचं, ती कोणाला आणि कोणत्या अटीवर द्यायची, हे ज्या कागदांवर ठरतं, ते या प्रकरणात एकेक करून वाचू.

1. गर्दी हलवण्याची योजना

मुंबई बेट दक्षिणेकडे निमुळतं होत जातं. बंदर आणि किल्ला त्या टोकाला, म्हणून ऑफिसंही तिथेच वाढली. घरं मात्र रेल्वेच्या काठाकाठाने उत्तरेला सरकत गेली. परिणामी सकाळी सगळा लोंढा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे.

हे असंच चालू राहिलं तर शहर गुदमरेल, हे साठच्या दशकातच सरकारला कळून चुकलं होतं. 1966 साली महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा झाला. 1970 साली खाडीपलीकडच्या नव्या शहरासाठी सिडको आली. 1973 साली मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना मंजूर झाली आणि 26 जानेवारी 1975 रोजी आज एमएमआरडीए म्हणून ओळखलं जाणारं प्राधिकरण स्थापन झालं. दक्षिण मुंबईत ऑफिसांची आणखी गर्दी होऊ द्यायची नाही, त्यासाठी बाहेर नवी केंद्रं उभारायची, हे त्याचं एक मोठं काम. त्यातलं पहिलं केंद्र म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, आपलं बीकेसी.

1977 साली बीकेसीच्या सुमारे 370 हेक्टर क्षेत्रासाठी एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आलं. ही संज्ञा समजून घ्यायला हवी. शहराचा विकास आराखडा एरवी महापालिका करते आणि बांधकामाची परवानगीही तीच देते. विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं की त्या हद्दीत आराखडा आणि परवानगी दोन्ही त्या प्राधिकरणाच्या हाती येतात. बीकेसीत बरीचशी जमीनही त्याच्याच हाती होती. आखणारा, परवानगी देणारा आणि जमीन देणारा एकच, असं उपनगरांत फार क्वचित घडतं. म्हणूनच बीकेसीत जे झालं आणि जे राहून गेलं, ते ठरवून करता येण्यासारखं होतं.

2. ती जमीन रिकामी नव्हती

जागा नकाशावर उत्तम होती. एका बाजूला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या बाजूला मध्य रेल्वे, दोन्ही द्रुतगती मार्ग आवाक्यात, विमानतळ शेजारी. मधे दलदल, तिवरं आणि वस्त्या. दलदल म्हणजे पडीक जमीन, असा त्या काळचा समज होता.

पण दलदलीचं स्वतःचं काम चालू होतं. विहार आणि पवई तलावांकडून निघालेली मिठी नदी सुमारे 18 किलोमीटर वाहत इथूनच माहीमच्या खाडीला मिळते. पावसाळ्यात भरतीच्या वेळी पाणी पसरायला जी सखल जागा लागते, ती हीच. भराव घालून संकुलाची जमीन उंच झाली, पण पाण्याची जागा आक्रसली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीच्या काठचं कुर्ला, कलिना, वांद्रे पाण्याखाली गेलं. एवढा पाऊस कोणत्याही शहराला झेपणारा नव्हता, हे खरं. पण माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने पुराची कारणं तपासली तेव्हा मिठीचं आक्रसलेलं पात्र आणि त्यावरची अतिक्रमणं हा विषय टाळता आला नाही. पुरानंतर नदीसाठी वेगळं प्राधिकरणही नेमलं गेलं.

इथे पुराचा विषय काढण्यामागे कारण आहे. बीकेसीची जमीन कोणा एकाच्या मालकीची, बाजारातून विकत घेतलेली जमीन नव्हती. नदीची जागा घेऊन, सरकारी खर्चाने भराव घालून ती तयार झाली, आणि त्या भरावाची किंमत काठावरच्या वस्त्यांनीही मोजली. अशा जमिनीवर कोण राहणार, हा प्रश्न विचारण्याचा हक्क सगळ्या शहराला आहे.

3. मिश्र वापर म्हणजे नेमकं काय

हल्ली प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात ‘मिश्र वापर’ हा शब्द असतो. घरं, ऑफिसं, दुकानं, शाळा, दवाखाना एकाच परिसरात असले की तो मिश्र वापर, अशी त्याची ढोबळ व्याख्या. त्याचा उपयोग काय, हे एका विहिरीवरून कळेल. सगळं गाव पहाटेच्या एका तासात पाणी शेंदायला आलं तर विहिरीला तळ दिसतो, रांग लागते, भांडणं होतात. तेच गाव दिवसभरात थोडं थोडं पाणी नेत राहिलं तर झऱ्यांना भरून यायला वेळ मिळतो आणि तीच विहीर पुरते. रस्ता, वीज, बस, पदपथ, गाडी उभी करायची जागा यांचंही असंच आहे. नुसत्या ऑफिसांच्या भागात सगळं सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते आठ लागतं. उरलेल्या वेळी तेवढा मोठा खर्च पडून असतो.

अमेरिकेतल्या जेन जेकब्स यांनी 1961 सालच्या आपल्या पुस्तकात हेच सविस्तर मांडलं. रस्त्यावर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांसाठी माणसं यायला हवीत. त्यामुळे दुकानं चालतात आणि रस्ता सुरक्षितही राहतो. गिरगावच्या किंवा पार्ल्याच्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. खाली वाण्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर डॉक्टर, वर बिऱ्हाडं, बाजूच्या गल्लीत छापखाना आणि शाळा, ही आपली जुनीच रीत. मुलुंडची आखणी 1922 साली झाली. काटकोनात छेदणारे, बेताच्या लांबीचे रस्ते तेव्हा आखले गेले, म्हणून स्टेशनच्या पश्चिमेला आजही घरातून निघून भाजी, बँक आणि गाडी ही तिन्ही कामं पायी होतात.

बीकेसीत शाळा आहेत, मोठं रुग्णालय आहे, क्रिकेट संघटनेचं मैदान आहे, हिरे बाजार आहे, राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी आणि नाबार्डची मुख्यालयं आहेत. 2023 साली नाट्यगृह आणि कलादालनंही आली. यादी पाहिली तर मिश्रण झालं आहे. तरीही संकुलाच्या ‘जी ब्लॉक’ या व्यापारी भागात रात्री साडेनऊनंतर रस्ते ओस पडतात, कारण ज्यांच्यामुळे रस्त्याला रात्रीचीही जाग राहते ती बिऱ्हाडंच त्यात नाहीत. संकुलाच्या कडेला कलानगर, खेरवाडी, भारतनगर अशा जुन्या वस्त्या आणि सरकारी वसाहत आहे. आतल्या मुख्य व्यापारी भागात जी थोडी निवासी बांधकामं झाली, ती अतिश्रीमंतांसाठी. शिवाय भूखंड मोठे, प्रत्येकाला स्वतंत्र कुंपणभिंत, आत गाड्यांचा उतार. पायी जाणाऱ्याला लांबच लांब भिंतीशेजारून चालावं लागतं. पंधरा मिनिटांचं अंतर तिथे पाऊण तासाचं वाटतं.

4. लिलावात घर का हरतं

आता एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते हा आकडा सांगतो. भूखंड 1,000 चौरस मीटरचा आणि एफएसआय 1 असेल तर सगळे मजले मिळून 1,000 चौरस मीटर बांधता येतं. एफएसआय 4 असेल तर 4,000. जमीन तीच, पण तिची किंमत जवळपास चौपट. बीकेसीच्या व्यापारी भागात हा आकडा टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला.

एमएमआरडीए इथली जमीन विकत नाही. ती 80 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतं आणि त्यापोटी मोठी रक्कम आधी घेतं. 2019 साली जपानच्या सुमितोमो समूहाच्या कंपनीने सुमारे 3 एकरांच्या एका भूखंडासाठी 2,238 कोटी रुपये देऊ केले. त्यावर 65,000 चौरस मीटर बांधकाम करता येणार होतं. भागाकार केला तर बांधकामाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे नुसत्या जमिनीचे सुमारे 3 लाख 44 हजार रुपये पडतात. आता तिथे 40 चौरस मीटरचं, म्हणजे साधं वन बीएचके घर बांधायचं म्हटलं, तर वीट रचण्याआधीच त्यावर 1 कोटी 38 लाखांचा बोजा बसतो. बँकेला किंवा परदेशी कंपनीला हा दर परवडतो. त्याच बँकेतल्या कारकुनाला परवडत नाही.

लिलाव किंवा निविदा ही पद्धत वाईट नाही. तिच्यात वशिला चालत नाही, आणि बीकेसीतून आलेल्या पैशातून प्राधिकरणाने महानगरात रस्ते, पूल आणि मेट्रोची कामं केली. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण लिलावाला एकच गोष्ट कळते, सर्वांत जास्त रक्कम कोण देतो ती. म्हणून घरं हवी असतील तर ती लिलावाच्या आधी, आराखड्यातच राखून ठेवावी लागतात. नंतर ती आपोआप येत नाहीत.

5. एका इमारतीला किती घरं लागतात

राखून ठेवायची तर किती, याचा एक सोपा हिशेब करू. वरचीच 65,000 चौरस मीटरची इमारत घ्या. ऑफिसात एका माणसामागे सगळं धरून 10 चौरस मीटर जागा लागते असं मानू. म्हणजे इमारतीत 6,500 माणसं काम करतील. बारा डब्यांची तुडुंब लोकल साडेचार हजारांच्या आसपास माणसं नेते. एका इमारतीला रोज सकाळी जवळपास दीड लोकल हवी.

या 6,500 पैकी फक्त एक तृतीयांश लोकांनी जवळ राहायचं ठरवलं, तरी साधारण 2,170 घरं लागतील. प्रत्येक घर 40 चौरस मीटरचं धरलं तर बांधकाम होतं जवळजवळ 86,800 चौरस मीटर. म्हणजे ज्या ऑफिसासाठी ही घरं, त्या ऑफिसापेक्षा ती जास्त जागा घेतात, आणि तीही तिघांतल्या एकालाच पुरतील एवढीच.

मला या विषयातला सर्वांत दुर्लक्षित आकडा हाच वाटतो. कागदावर ऑफिसांना आणि घरांना निम्मी-निम्मी जागा दिली तर ती समतोल वाटणी दिसते, पण माणसांच्या हिशेबात ती तशी नसते. बहुतेकांना बाहेरूनच यावं लागतं.

6. पवईचा करार

घरं आधी राखून ठेवण्याचा प्रयोग उपनगरांत झाला नाही, असं नाही. तो पवईला झाला, आणि त्याची गोष्ट प्रत्येक उपनगरवासीयाला माहीत असायला हवी.

1986 सालच्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकार, एमएमआरडीए आणि विकासकाची बाजू यांच्यात सुमारे 230 एकर जमिनीबद्दल त्रिपक्षीय करार झाला. शहरी जमीन कमाल मर्यादा कायद्याचा तो काळ. जमीन 80 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देण्यात आली. भाडं हेक्टरी 1 रुपया, म्हणजे एकराला 40 पैसे. एवढ्या नाममात्र दराच्या मोबदल्यात अट अशी की घरं दोनच मापांची बांधायची, निम्मी 40 चौरस मीटरची आणि निम्मी 80 चौरस मीटरची. शिवाय 15 टक्के घरं सरकारला चौरस फुटाला 135 रुपये दराने द्यायची. 40 चौरस मीटर म्हणजे सुमारे 430 चौरस फूट. सरकारला ते घर साधारण 58 हजार रुपयांत मिळणार होतं.

आज त्या जमिनीवर उभ्या असलेल्या हिरानंदानी परिसरात फिरून पाहा. ऑफिसं आहेत, रुग्णालय, शाळा, बाजार, खाण्याची ठिकाणं आहेत, झाडांखालून चालता येतं आणि रात्री दहालाही रस्त्यावर आजी-आजोबा, लहान मुलं दिसतात. मिश्र वापराचं इतकं जिवंत उदाहरण मुंबईच्या नव्या भागांत दुसरं दाखवणं कठीण. आखणी म्हणून मला हा परिसर मनापासून आवडतो. आणि म्हणूनच त्याच्यात जे घडलं ते जास्त लागतं. करारात लिहिलेली लहान घरं प्रत्यक्षात दिसेनात. घरं एकमेकांना जोडून मोठी करण्यात आली आणि मोठ्या घरांना मोठे भाव आले. ज्यांच्या नावाने जमीन 40 पैसे एकराने दिली होती, तो मध्यमवर्ग बाहेर राहिला. जनहित याचिका झाल्या, मेधा पाटकर याचिकाकर्त्यांपैकी एक होत्या. फेब्रुवारी 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आधी करारातली लहान घरं बांधा, मगच इतर बांधकाम, असा आदेश दिला. ही घरं तीन हजारांहून अधिक होती.

म्हणजे 1986 साली लिहिलेल्या अटीची आठवण करून द्यायला सव्वीसाव्या वर्षी न्यायालय लागलं. अट चांगली होती, स्पष्ट होती, मापासकट लिहिलेली होती. पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र दिल्यावर दोन घरांमधली भिंत जागेवर आहे का, हे दरवर्षी जाऊन पाहणारा कोणी करारात नेमलेला नव्हता. पहिली इमारत पुरी होताच लहान घरांची संख्या तपासली गेली असती आणि ती पुरी झाल्याशिवाय पुढच्या इमारतीची परवानगी थांबली असती, तर न्यायालयात जायची वेळ आली नसती.

7. स्टेशन कधी येतं

घरांप्रमाणेच प्रवासाची सोयही वेळेत यावी लागते. लंडनच्या जुन्या गोद्या 1980 च्या सुमारास बंद पडल्या. तिथे नवं व्यापारी केंद्र उभारायला 1981 मध्ये महामंडळ आलं. 1987 मध्ये हलकी रेल्वे सुरू झाली आणि तिथल्या कॅनरी व्हार्फच्या टॉवरमध्ये लोक काम करायला आले 1991 मध्ये. ती रेल्वे अपुरी पडली, विकासक कंपनी 1992 मध्ये बुडाली, आणि मोठी भुयारी रेल्वे 1999 मध्ये पोचल्यावरच तो भाग खऱ्या अर्थाने भरला. तिथेही उशीर झालाच होता.

बीकेसीसाठी प्राधिकरण नेमलं 1977 साली. संकुलाच्या पोटात पहिलं स्टेशन उघडलं ऑक्टोबर 2024 मध्ये, आरेपासून येणाऱ्या मेट्रो 3 चं. मधली 47 वर्षं वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांबाहेर शेअर रिक्षाच्या आणि बेस्टच्या रांगेत गेली. ऑक्टोबर 2025 पासून ही मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाते. तिचा फायदा मोठा आहे, पण मुलुंड किंवा घाटकोपरहून येणाऱ्याचा प्रश्न तिने पूर्ण सुटत नाही. त्याला पूर्व-पश्चिम जायचं असतं, आणि आपले रूळ मुख्यतः उत्तर-दक्षिण. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा 11.4 किलोमीटरच्या त्या एका मार्गाने किती माणसांचा रोजचा जीव सुटला, हे घाटकोपर स्टेशनचा पूल सकाळी पाहिला की कळतं. इतकी वर्षं सोसलेली गरज तिथे एकदम दिसते. पवईवरून जाणाऱ्या मेट्रो 6 चं काम अजून चालूच आहे.

8. अंधेरी भरली, एलबीएस मार्ग रिकामा झाला

उरलेल्या उपनगरांत एवढी मोठी आखणी नव्हती. अंधेरीत 1973 साली सीप्झ निर्यातीच्या इलेक्ट्रॉनिक मालासाठी सुरू झालं, पुढे दागिने आणि संगणकाचं काम आलं. शेजारच्या एमआयडीसीत कारखान्यांची जागा ऑफिसांनी घेतली. रस्ते मात्र कारखान्यांच्या काळातलेच राहिले.

पूर्वेकडे उलट झालं. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एलबीएस मार्गावर एकेकाळी औषधांचे, यंत्रांचे, रसायनांचे कारखाने रांगेने होते आणि भांडुप-मुलुंडचा कामगार सायकलने कामावर जाई. कारखाने बंद झाले. औद्योगिक जमीन निवासी करण्याची सोय 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती. कारखान्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. मुलुंडला घरं मिळाली, पण काम गेलं. अंधेरीला काम मिळालं, पण त्या कामगाराला परवडणारी घरं मिळाली नाहीत. दोन्हीकडची तूट जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर सकाळ-संध्याकाळ उभी असते.

2018 पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत उपनगरांतल्या ऑफिसांना रस्त्याच्या रुंदीनुसार 5 पर्यंत एफएसआय मिळण्याची वाट आहे. म्हणजे मुलुंडला किंवा बोरिवलीला पुन्हा काम येऊ शकतं. पण ती परवानगी भूखंडागणिक मिळते. शेजारच्या भूखंडावर घरं आहेत की नाहीत, ती केवढी आहेत, हा प्रश्न त्या फाइलमध्ये येत नाही.

9. आता कोणती जमीन उरली आहे

बीकेसीला लागून वांद्रे पूर्वेला सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, सुमारे 90 एकरांची. शिपाई, कारकून, पोलीस, परिचारिका अशा हजारो कुटुंबांनी तिथे आयुष्यं काढली. ऑफिसापासून चालत जाण्याच्या अंतरावर साध्या पगाराच्या माणसाचं घर, हे बीकेसीच्या आसपास मोठ्या प्रमाणावर कुठे असेल तर इथे. आता या इमारती जीर्ण झाल्या असून जमिनीचा पुनर्विकास होतो आहे. त्यातली सुमारे 30 एकर मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाला दिली आहे, आणि न्यायालयाला प्रशस्त जागेची गरज होतीच.

पण न्यायालयाबरोबर वकिलांची ऑफिसं येतील, टंकलेखक येतील, झेरॉक्सवाले, चहावाले येतील. त्यांनाही कुठून तरी रोज यावं लागेल. उरलेल्या जमिनीवर लहान घरं किती, त्यांचं माप काय, ती जोडता येणार नाहीत याची तपासणी कोण करणार आणि ती पुरी होईपर्यंत कोणत्या इमारतींची परवानगी अडून राहणार, या चार गोष्टी भाडेपट्ट्यात लिहिता येतात. जमीन अजून सरकारची आहे, त्यामुळे कोणाकडून विकत घ्यायची नाही की कोणाशी तडजोड करायची नाही.